ट्यूब उलटी करून वाचा: सनस्क्रीनमधले यूव्ही फिल्टर आणि नागपूरचं ऊन

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर सनस्क्रीनच्या तीन ट्यूब, एक पांढरा सुती स्कार्फ.]

नमस्कार मंडळी.

मे महिन्यात नागपूर कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. एक वाजला की दारं-खिडक्या बंद, कूलर सुरू, आणि रस्ते ओस. घरातली मोठी माणसं सकाळीच बजावतात, "ऊन चढायच्या आत कामं उरकून घे व, मंग बाहीर निघू नोको." लू लागू नये म्हणून हा सल्ला अगदी बरोबर आहे. पण त्वचेचा हिशेब वेगळा आहे.

पारा सगळ्यात वर जातो दुपारी तीन-चारला. अतिनील किरणांचा, म्हणजे यूव्हीचा, मारा मात्र सूर्य डोक्यावर असतो तेव्हा सगळ्यात जास्त असतो, आणि मेअखेर नागपुरात ती वेळ येते बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. २६ मेच्या आसपास तर सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावलीच पडत नाही. म्हणजे "ऊन चढायच्या आत" म्हणून आपण अकराला सिताबर्डीला जातो, साडेबाराला परत येतो, आणि दिवसातला सगळ्यात जास्त यूव्ही नेमका अंगावर घेऊन येतो. चार वाजता बाहेर नुसती भट्टी असते, पण तेव्हा त्वचा भाजणारा यूव्ही दुपारच्या निम्म्याहूनही कमी झालेला असतो. उकाडा त्वचेला कळतो, यूव्ही कळत नाही.

आणि हिवाळ्यात? अधिवेशनाच्या दिवसांत, डिसेंबरमध्ये, आपण ऊन खायला गच्चीवर बसतो. तेव्हाही नागपुरात भर दुपारी सावली साधारण आपल्या उंचीइतकीच असते. सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तर यूव्ही जोरात आहे, हे साधं माप लक्षात ठेवा. डिसेंबरची दुपार त्या सीमेवरच येते.

तर आज बोलायचं आहे या यूव्हीला अडवणाऱ्या रेणूंबद्दल. सनस्क्रीनमधले केमिकल फिल्टर. गेल्या काही वर्षांत त्यांच्याबद्दल इतकी भीती पसरली आहे, की "केमिकलवालं नको, नॅचरल द्या" असं मेडिकलमध्ये सर्रास ऐकू येतं. मला वाटतं आपण चुकीचा प्रश्न विचारतोय. ट्यूबमध्ये केमिकल आहे का, हे विचारून काही हाती लागत नाही. कोणता फिल्टर आहे, तो कोणते किरण अडवतो, आणि उन्हात किती वेळ टिकतो, हे विचारायला हवं. त्याचं उत्तर ट्यूबच्या पुढच्या बाजूला नसतं, मागच्या बाजूला असतं.

[ट्यूब उचलून पुढची बाजू दाखवते.]

पुढे काय लिहिलंय? एसपीएफ ५०. हा आकडा नेमका काय मोजतो ते आधी पाहू.

जमिनीवर येणारे अतिनील किरण दोन प्रकारचे. यूव्हीबी, तरंगलांबी २८० ते ३१५ नॅनोमीटर. आणि यूव्हीए, ३१५ ते ४०० नॅनोमीटर. यूव्हीबी त्वचेच्या वरच्या थरात थांबतो, पेशींच्या डीएनएला थेट इजा करतो, त्वचा लाल करतो. यूव्हीए आणखी खोल जातो, त्वचेला घट्ट ठेवणाऱ्या कोलॅजनपर्यंत पोचतो. टॅन, काळे डाग, सुरकुत्या यांत त्याचा वाटा मोठा. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत ९५ टक्क्यांच्या आसपास यूव्हीएच असतो. साध्या खिडकीच्या काचेतून तो आत येतो, यूव्हीबी येत नाही.

आता एसपीएफ मोजतात कसा? माणसांच्या पाठीवर ठरावीक जाडीचा थर लावायचा, दिव्याखाली धरायचं, आणि त्वचा लाल व्हायला किती पट जास्त मारा लागतो ते बघायचं. लाल व्हायला. आणि ही चाचणी होते गोऱ्या, सहज लाल होणाऱ्या त्वचेवर. आपली त्वचा लाल होण्याआधी काळवंडते. आपली तक्रार असते हाताचा पट्टा दिसतो, गालावर वांग आलाय, कपाळ आणि हनुवटीचा रंग जुळत नाही. या तक्रारींत यूव्हीएचा हात मोठा, आणि एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीबद्दल बोलतो. म्हणून आपल्यासाठी तो आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी पीए या खुणेत आहे. ही पद्धत जपानमधून आली. पीए आणि पुढे अधिकची चिन्हं, जास्तीत जास्त चार. तीन किंवा चार असतील तर यूव्हीएपासून संरक्षण चांगलं. एकही नसेल आणि नुसता मोठा एसपीएफ छापला असेल, तर मी ती ट्यूब खाली ठेवते.

[ट्यूब उलटी करते. कॅमेरा जवळ.]

आता मागची बाजू. हे बारीक अक्षर. मोबाईलने फोटो काढून मोठं करून वाचा, मीही तेच करते.

इथे लांबलचक नावं दिसतात. ब्युटाइल मेथॉक्सीडायबेन्झॉइलमिथेन. याचं रोजचं नाव एव्होबेन्झोन. एथिलहेक्सिल मेथॉक्सीसिनॅमेट, हा ऑक्टिनॉक्सेट. बेन्झोफेनोन-३, हा ऑक्सिबेन्झोन. ऑक्टोक्रायलीन. आणि नवीन ट्यूबांवर डायएथिलअमिनो हायड्रॉक्सीबेन्झॉइल हेक्सिल बेन्झोएट, ज्याला युविनुल ए प्लस म्हणतात, किंवा बिस-एथिलहेक्सिलऑक्सीफिनॉल मेथॉक्सीफिनाइल ट्रायझिन, म्हणजे टिनोसॉर्ब एस.

हे सगळे कार्बनी रेणू. यांच्या रचनेत दुहेरी बंध एकाआड एक येतात, त्यामुळे काही इलेक्ट्रॉन एका जागी अडकून न राहता पसरलेले असतात. यूव्हीचा कण आला की ते इलेक्ट्रॉन तो गिळतात, रेणू वरच्या ऊर्जेला जातो, आणि डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी ती ऊर्जा उष्णता म्हणून सोडून पुन्हा खाली येतो. मग पुढचा कण. हे चक्र चालत राहिलं पाहिजे. जो रेणू खाली येताना स्वतः मोडत नाही, तो चांगला फिल्टर.

इथे लगेच एक शंका येते, आणि नागपुरात ती येणारच. उष्णता सोडतो म्हणजे चेहरा तापतो का? नाही. जमिनीवर येणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत यूव्हीचा वाटा जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास. फिल्टर नसता तर तेच किरण तुमच्या त्वचेने शोषले असते आणि त्यातल्या बहुतेकांची उष्णताच झाली असती. फरक इतकाच की ती उष्णता आता वरच्या थरात होते आणि पेशींचा डीएनए या किरणांच्या वाटेत येत नाही. चेहरा तापतो तो सूर्याच्या बाकीच्या ऊर्जेने आणि लू-च्या झळांनी.

आणखी एक गोष्ट याच ओघात. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड, ज्यांना मिनरल फिल्टर म्हणतात, ते ऊन परतवून लावतात असं सगळीकडे सांगितलं जातं. प्रत्यक्षात तेही यूव्ही मुख्यतः शोषतातच, परावर्तन अगदी थोडं होतं. तेव्हा एक शोषतो आणि दुसरा आरशासारखा परतवतो, ही विभागणीच कच्ची आहे.

आता एव्होबेन्झोनवर जरा थांबू, कारण अनेक ट्यूबांत यूव्हीएचं काम याच्याकडे असतं.

हा ३५७ नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात जास्त शोषतो, म्हणजे यूव्हीएच्या ऐन मध्यात. म्हणून तो मोलाचा. पण त्याची दोन रूपं असतात. एका रूपात तो यूव्हीए शोषतो. उन्हात राहिला की काही रेणू दुसऱ्या रूपात जातात, आणि ते रूप यूव्हीए शोषतच नाही. शिवाय त्यातले काही तुटतात. एकटा असेल तर तासाभराच्या उन्हात त्याचा बराच हिस्सा कामातून जातो. म्हणून त्याच्यासोबत बहुतेक वेळा ऑक्टोक्रायलीन घालतात. एव्होबेन्झोनने गिळलेली ऊर्जा ऑक्टोक्रायलीन स्वतःकडे घेतो आणि त्याला मोडण्यापासून वाचवतो. टिनोसॉर्ब एससुद्धा हे काम करतो. उलट ऑक्टिनॉक्सेट आणि एव्होबेन्झोन उन्हात एकमेकांशी अभिक्रिया करतात आणि दोघंही कमी होत जातात. म्हणून मागच्या यादीत हे दोघंच दिसले, सोबतीला स्थिर करणारा कोणी नसला, तर मी दुसरी ट्यूब बघते.

युविनुल ए प्लस हा यूव्हीएसाठीच आहे, ३५४ नॅनोमीटरला शिखर, आणि तो स्वतःच स्थिर आहे. टिनोसॉर्ब एस यूव्हीबी आणि यूव्हीए दोन्हीकडे काम करतो. आपल्याकडच्या नव्या ट्यूबांत ही नावं आता बऱ्याचदा दिसतात, आणि मला याचा मनापासून आनंद आहे. भीती पसरवणारे व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले. तिथे सनस्क्रीन औषध मानतात, नव्या फिल्टरला परवानगी मिळणं फार अवघड, आणि टिनोसॉर्ब एस कित्येक वर्षं बाहेरच अडकून पडला. त्यांची सगळी चर्चा जुन्या फिल्टरांची. आपल्याकडे सनस्क्रीन सौंदर्यप्रसाधन म्हणून विकलं जातं आणि आपल्या दुकानातली यादी वेगळी आहे. त्यांची भीती जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही.

पण भीती कुठून आली, तेही बघायला हवं. ती पोकळ नाही.

२०१९ मध्ये अमेरिकेची औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था एफडीए, तिच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. २४ निरोगी माणसं, अंगाच्या तीन चतुर्थांश भागावर पूर्ण जाडीचा थर, दिवसातून चार वेळा, चार दिवस. मग रक्त तपासलं. एव्होबेन्झोन, ऑक्सिबेन्झोन, ऑक्टोक्रायलीन आणि एकॅम्स्यूल नावाचा आणखी एक फिल्टर, चारही रक्तात सापडले, आणि प्रमाण मिलिलिटरला अर्ध्या नॅनोग्रॅमच्या वर. २०२० मध्ये मोठ्या गटावर पुन्हा पाहिलं, तेच दिसलं. बातम्या झाल्या, "सनस्क्रीन रक्तात जातं."

जातं. हे खरं आहे. पण तो अर्ध्या नॅनोग्रॅमचा आकडा "इथून पुढे अपाय" असा नाही. त्याच्या वर गेलं तर कंपनीने सुरक्षिततेच्या आणखी चाचण्या करून दाखवाव्यात, यासाठीची ती रेघ आहे. आणि अभ्यास करणाऱ्यांनीच लिहिलं की यावरून लोकांनी सनस्क्रीन सोडू नये. चौघांत फरकही फार मोठा होता. ऑक्सिबेन्झोन बाकीच्यांच्या कितीतरी पट जास्त शोषला गेला. युरोपनेही त्याची मर्यादा घट्ट केली: चेहरा-हाताच्या उत्पादनांत ६ टक्के चालेल, अंगभर लावायच्या उत्पादनांत २.२ टक्के. माझं मत स्पष्ट आहे. चांगले पर्याय असताना ऑक्सिबेन्झोनवाली ट्यूब घ्यायची गरज नाही, विशेषतः गरोदरपणात आणि लहान मुलांसाठी. पण एका रेणूबद्दलची शंका सगळ्या रेणूंवर टाकणं हा अन्याय आहे.

आणि ही दुसरी बाजू. सनस्क्रीनने खरंच फायदा होतो याचा सगळ्यात भक्कम पुरावा ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर या गावातून आला. १९९२ ते १९९६, सोळाशेच्या वर माणसं. एका गटाला रोज लावायला दिलं, दुसऱ्याला आपापल्या मर्जीवर सोडलं. रोज लावणाऱ्यांत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाच्या गाठी सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघाल्या. पुढे त्वचेचं वयही कमी वाढलेलं दिसलं. त्या ट्यूबमध्ये काय होतं माहीत आहे? ऑक्टिनॉक्सेट ८ टक्के आणि एव्होबेन्झोन २ टक्के. एसपीएफ १६. म्हणजे केमिकल फिल्टर, आणि तीच जोडी जिच्याबद्दल मी आत्ता कुरकुर केली. तरीही तिने एवढं काम केलं, कारण ती रोज लागली. आपल्या सावळ्या त्वचेत कर्करोगाचा धोका त्यांच्यापेक्षा बराच कमी आहे, ही गोष्टही इथे सांगायला हवी. आपला प्रश्न जास्त करून डागांचा, वांगाचा.

सनस्क्रीनमुळे समुद्रातल्या प्रवाळांना इजा होते असंही म्हणतात, तो मुद्दा पटकन. हवाईने २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री बंद केली. प्रवाळ पांढरे पडण्याचं मुख्य कारण समुद्र तापणं हेच आहे. तरी मालवणला स्नॉर्केलिंगला जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घाला, क्रीम कमी लागेल.

[स्कार्फ कॅमेऱ्याजवळ धरते.]

हे बघा. पांढरा सुती स्कार्फ, जो आपण गाडीवर चेहऱ्याला गुंडाळतो. नाकाजवळ, कानामागे हे केशरी-पिवळे डाग. हळदीचे वाटतात, पण नाहीत. एव्होबेन्झोन लोहाशी जोडला जातो आणि रंगीत संयुग होतं. घरी बोअरचं पाणी असेल आणि त्यात लोह असेल, तर कपडा धुतल्यावर डाग आणखी उठतो. लोक मग ब्लीच टाकतात, त्याने तो बिघडतो. धुण्याआधी डागावर सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी लावा, किराण्यात लिंबूफूल म्हणून मिळतं ते. बऱ्यापैकी निघतो.

पण हा डाग मला दुसऱ्या कारणासाठी दाखवायचा होता. जे स्कार्फवर आलंय, ते चेहऱ्यावरून गेलंय. सनस्क्रीन त्वचेत मुरून काम करत नाही, ते वर पातळ पापुद्रा करून बसतं. आपली त्वचा जवळून पाहिली तर सगळे उंचवटे आणि खाचा. खरबरीत भिंतीला चुन्याचा एकच पातळ हात दिला तर चुना खाचांत जाऊन बसतो आणि उंचवटे उघडे राहतात, तसंच थोडं क्रीम लावलं की होतं. मग घाम आला, स्कार्फने पुसला, चष्मा घासला, आणि उरलेलाही गेला. म्हणून लावल्यावर पंधरा-वीस मिनिटं त्याला बसू द्या, मगच स्कार्फ गुंडाळा.

किती लावायचं? चाचणीत दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम असतं. चेहरा आणि मानेसाठी तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींच्या पूर्ण लांबीइतकं. साधारण एक ग्रॅम, थोडं वरच. आपण बहुतेक जण याच्या निम्मं किंवा त्याहून कमी लावतो, आणि संरक्षणही त्या प्रमाणात खाली येतं. आता हिशेब करा. ५० ग्रॅमची ट्यूब एका माणसाने रोज एकदाच लावली तरी दीड महिन्यात संपायला हवी. होळीला आणलेली ट्यूब तिघांत वापरून राखीपौर्णिमेपर्यंत पुरत असेल, तर ट्यूबवरचा एसपीएफ तुमच्या चेहऱ्यावर कधी आलाच नाही.

हाच नियम एसपीएफवाल्या फाउंडेशनला आणि मॉइश्चरायझरला. दोन बोटं फाउंडेशन कोणी लावत नाही. आणि नेलपॉलिश, शाम्पू, अत्तर यांच्या यादीतही यूव्ही फिल्टर दिसतात, ते तुमच्यासाठी नसतात. बाटलीतल्या मालाचा रंग उन्हाने उडू नये म्हणून घातलेले असतात.

वांग असणाऱ्यांसाठी खास. वांगाला दिसणारा प्रकाशही वाढवतो, आणि वर सांगितलेले बहुतेक फिल्टर तो अडवत नाहीत. त्यासाठी आयर्न ऑक्साइड लागतं, म्हणजे त्वचेच्या रंगाची, टिंटेड सनस्क्रीन. आणि हात जोडून सांगते, मेडिकलमधून कोणीतरी सांगितलेलं स्टेरॉइडचं मिश्र क्रीम गोरेपणासाठी महिनोन्महिने लावू नका. त्वचा पातळ होते, केस उगवतात, आणि सोडलं की चेहरा भडकतो. डॉक्टरला दाखवा.

ट्यूब ठेवायची कुठे? गाडीच्या डिक्कीत नाही. मे महिन्यात उभ्या गाडीची डिक्की किती तापते ते हात घालून बघा. सनस्क्रीन म्हणजे तेल-पाण्याचं मिश्रण, तापलं की फुटतं. पिळल्यावर आधी पिवळसर पाणी आलं तर ती टाकून द्या, फिल्टर आता सगळीकडे सारखा नाही. शिवाय २०२१ मध्ये काही संशोधकांनी ऑक्टोक्रायलीनची उत्पादनं कृत्रिमरीत्या जुनी करून पाहिली, तेव्हा त्यांत बेन्झोफेनोन वाढत गेलेलं आढळलं. हा पदार्थ मानवात कर्करोगाला कारण असू शकेल अशा संशयितांच्या यादीत आहे. म्हणून मागच्या उन्हाळ्याची ट्यूब या उन्हाळ्यात नको.

गुडघ्याला किंवा पाठीला किटोप्रोफेन या वेदनाशामकाचं जेल लावता? त्याने उन्हात पुरळ आलं असेल, तर ऑक्टोक्रायलीननेही तसंच होऊ शकतं. यादीत ते नाव बघून टाळा.

शेवटी त्यांच्याबद्दल, जे दिवसभर उन्हातच असतात. चौकातले वाहतूक पोलीस, डिलिव्हरीवाली पोरं, संत्र्याची हातगाडी लावणारे, रस्त्याच्या कामावरच्या बाया. त्यांना "दर दोन तासांनी लावा" सांगणं मला पटत नाही. चेहरा, मान आणि दोन्ही हात, दिवसातून चार वेळा नीट लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब आठवडाभरही पुरणार नाही. त्यांच्यासाठी आधी कपडा. घट्ट विणीचा, गडद रंगाचा, पूर्ण बाह्यांचा. विरळ विणीचा पांढरा सुती कपडा ओला झाला की यूव्ही जास्तच आत सोडतो, म्हणून स्कार्फ दुहेरी घ्या. रुंद काठाची टोपी. आणि क्रीम जेवढं परवडेल तेवढं कपड्याबाहेर राहणाऱ्या जागांवर, पण जाड: नाकाचा शेंडा, डोळ्याखालचं हाड, कानाची पाळी, आणि गाडीच्या हँडलवर सतत उन्हाकडे तोंड करून असलेली हाताची पाठ. साडेदहाला एकदा, आणि बाराच्या आधी पुन्हा एकदा.